घर पक्कं झालं आणि कोंबड्या उघड्यावर आल्या: परसातल्या कुक्कुटपालनाचं एक प्रकरण

पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्याचा पश्चिमेकडचा, भाताचा आणि धो धो पावसाचा पट्टा. घरात पाच माणसं: बासष्ट वर्षांच्या सासूबाई, माळकरी सासरे, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, म्हणून इथेही तीच नावं वापरली आहेत. हे कुणा एका खऱ्या कुटुंबाचं चरित्र नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात गोळा करून मांडल्या आहेत.

तक्रार एका वाक्याची होती: "आमच्याकडं कोंबड्या टिकत नाहीत." मुलाच्या मते दोष गावरान जातीचा होता, शेजाऱ्यांच्या मते पाण्याचा, तर आत्या म्हणत होत्या की घराला कुणाची तरी नजर लागली. खरं कारण दोन वर्षांत घरात झालेल्या चार बदलांमध्ये होतं, आणि त्यांतला एकही बदल कोंबड्यांशी संबंधित आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

आधी काय होतं

जुनं घर मातीच्या भिंतींचं. पुढे पडवी, पडवीची जमीन शेणाने सारवलेली. नऊ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा रात्री पडवीतच, दोन बांबूच्या डाल्यांखाली असायचे. जमिनीवर राख आणि पेंढा पसरलेला, सकाळी खराट्याने ओढला की काम झालं.

आत्यांचा दिवस पहाटे साडेपाचला डाल्यापाशी सुरू व्हायचा. डालं थोडं कलतं करून एकेक कोंबडी हातात घ्यायची आणि शेपटीखाली करंगळीने चाचपायची. आत कवच लागलं की ती आज अंडं देणार. तिला परत डालायची, बाकीच्या मोकळ्या सोडायच्या. दहा-अकराच्या सुमारास आतली ओरडली की अंडं उचलायचं आणि तिला सोडायचं. एवढ्या साध्या गोष्टीमुळे या घराचं अंडं कधी शेजारच्या गवताच्या गंजीत सापडलं नाही. चाचपताना आणखीही बरंच कळायचं: कुणाचं वजन उतरलंय, कुणाच्या पंखाखाली उवा आहेत, कुणाचा तुरा फिका पडलाय, कुणाची शीट हिरवी येतेय. दिवेलागणीला पुन्हा मोजून डालायच्या. एक कमी निघाली तर त्याच वेळी हातात टॉर्च घेऊन गोठ्यामागे, बांधावर शोध घ्यायचा.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास अंडी देते, तीही बारा-पंधराच्या तीन-चार फेऱ्यांत. फेरी संपली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. आत्या वर्षातून आठ-दहा वेळा कोंबडी अंड्यांवर बसवायच्या, प्रत्येकीखाली अकरा अंडी. पिल्लांतली निम्मी मोठी व्हायची. हिशेब वहीत नव्हता, पण पैसे एका पितळी डब्यात होते आणि तो डबा आत्यांचा होता. भिशीचा हप्ता, नातवाच्या वह्या, माहेरी आलेल्या लेकीच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून निघायचं.

चार बदल

पहिला बदल घराचा. घरकुल मंजूर झालं, मुलाने पदरचे पैसे घालून स्लॅब टाकला, पुढे पोर्च केला आणि त्यावर चकचकीत फरशी बसवली. फरशीवर शीट पडली की ती पुसावी लागते, आणि पावसाळ्यात ती पुसूनही वास राहतो. डाली मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला गेली. तिथे जमीन ओली, रात्री माणूस जवळ नाही. पहिल्या दोन महिन्यांत मुंगसाने आणि रानमांजराने मिळून चार कोंबड्या नेल्या. पडवीत झोपलेल्या माणसाचा खोकला हीच जुन्या घरातली राखण होती. नवं घर आखताना ती कुणी मोजली नाही.

दुसरा बदल आत्यांच्या गुडघ्यांचा. उकिडवं बसणं बंद झालं. डालं हे वाकून, बसून, एका हाताने तोलून उचलायचं साधन आहे. ते उचलता येईना, तेव्हा सकाळचं चाचपणं गेलं.

तिसरा, सून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. कंपनीची बस सकाळी सहाला फाट्यावर येते, परतायला संध्याकाळचे साडेचार. घराला नियमित पगार आला, ही मोठी गोष्ट आहे. पण पशुसखी, म्हणजे गावात जनावरा-कोंबड्यांचं बघणारी बाई, लसीकरणाला आली त्या दिवशी दाराला कडी होती. आत्या दवाखान्यात, सून कामावर. पशुसखी पुढच्या घरी गेली.

चौथा बदल मामांचा. वारीला जाऊन आल्यावर त्यांनी माळ घातली. स्वयंपाकघरात अंडं शिजणं थांबलं. नातवाला रोज मिळणारं अंडं आठवड्यातून एकदा, तेही चुलत्यांच्या घरी, असं झालं. आत्यांना वाटू लागलं, घरात खायचंच नाही तर राबायचं कशाला.

मुलाने काढलेला उपाय आणि त्यातली चूक

मुलाने विचार केला की गावरान परवडत नाही, सुधारित जात आणू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोटरसायकलवरून पिल्लं विकणाऱ्याकडून एक दिवसाची पन्नास गिरिराज पिल्लं घेतली. जात वाईट नव्हे. बंगळूरची गिरिराज काय किंवा हैदराबादची वनराजा काय, परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत, वजन आणि अंडी दोन्ही जास्त देतात. पण पहिले चार आठवडे त्यांना आई नसते. गावरान पिल्लाला ऊब, राखण, खाणं शोधायची शिकवण हे सगळं कोंबडी देते. इथे ते माणसाने द्यायचं असतं, आणि या घरात दिवसा माणूस नव्हता.

आठ दिवसांत सतरा पिल्लं मेली. खोलीत दोन दिवे लावले होते, त्यातला एक जुना 60 वॅटचा आणि दुसरा एलईडी. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी करत जायचं असतं. साधा हिशेब पिल्लामागे 2 वॅटचा, तोही तारेच्या बल्बचा. म्हणजे पन्नास पिल्लांना 100 ते 120 वॅट, दोन बल्बांत विभागून, एक उडाला तर दुसरा चालू राहावा म्हणून. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच वासून बसली तर उकडतंय, सगळीकडे विखुरलेली असली तर ठीक. इथे ती खोलीच्या कोपऱ्यात रचली गेली आणि खालची गुदमरली. म्हणूनच पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंचीचं गोल कडं करतात. गोलाला कोपरा नसतो.

त्यात वीज गेली. मावळपट्ट्यात जूनमध्ये वीज जाणार हे गृहीतच धरायला हवं. पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये कढत पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवल्या तर दोन-तीन तास निभावतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, तिच्या विषारी वायूने पिल्लंही मरतात आणि माणसंही. खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, हाही एक दोष. मुठीत दाबून सोडल्यावर तुसाचा गोळा राहिला तर ते बदलायचं.

उरली तेहेतीस. ती चांगली वाढली, आणि मग आखाड आला.

देवीच्या नावाने दरवर्षी कोंबडा द्यायची या घरची रीत. आठवडा बाजारातून कोंबडा आणला. मध्ये एकादशी आली, मामा घरात, म्हणून कापणं चार दिवस पुढे गेलं. ते चार दिवस तो कोंबडा पायाला दोरी बांधून याच कळपात दाणे टिपत होता. आठवडा उलटायच्या आत पहिली कोंबडी मान वाकडी करून गोल फिरू लागली. हिरवी पातळ शीट, घरघर, पंख गळालेले. मानमोडी, म्हणजे राणीखेत. तेहेतीसपैकी एकवीस पिल्लं गेली, गावरानमधल्या उरलेल्या पाचांपैकी दोन गेल्या आणि घरचा कोंबडाही गेला.

मुलाचा राग विकणाऱ्यावर होता, कारण तो म्हणाला होता, "लस केलेली पिल्लं आहेत." तो खोटं बोलला नसावा. उबवणी केंद्रात पहिल्या दिवशी देतात ती मरेक रोगाची लस. तिचा मानमोडीशी काही संबंध नाही. हा गैरसमज आम्हाला इतक्या घरांत दिसतो की पिल्लं घेताना "कोणती लस?" हा प्रश्न विचारायची सवयच लागली पाहिजे. मानमोडीसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवी रोगाची, आणि आठव्या आठवड्यानंतर मानमोडीचीच आर-टू-बी ही टोचायची लस. पहिला लासोटा एकटा पुरत नाही, कारण आईकडून अंड्यातून आलेली प्रतिकारशक्ती त्या कोवळ्या वयात लशीलाच अर्धवट निकामी करते. चौथ्या आठवड्यातला डोस चुकला तर पिल्लू उघडंच राहतं. या घरात दोन्ही चुकले.

दुसरी अडचण कुपीची. लशीची छोटी कुपीही पंधरा-वीस पक्ष्यांच्या घराला फार मोठी होते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्या घराने लस आणणं परवडत नाही. पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवायचा, बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणायची, आणि रांगेने करत जायचं. पाण्यातून देणार असाल तर ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरू नका. त्यातली ब्लीचिंग पावडर जिवंत लस मारते. विहिरीचं पाणी उकळून गार करा, लिटरला 5 ग्रॅम स्निग्धांश काढलेली दूध पावडर मिसळा, पक्षी दोन तास तहानलेले ठेवा आणि मग द्या.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायच्या नाहीत. तीन फूट खड्डा, वर चुना, वर माती. आणि आजारी दिसताच उरलेल्या बाजारात नेऊन विकायच्या, हे तर मुळीच नाही. तसाच एखादा विकलेला कोंबडा या घरी आला होता. मान वाकडी न होता एकदम, एका रात्रीत बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला पुन्हा आला. परसातल्या दहा कोंबड्यांवरूनही तो पुढे जाऊ शकतो.

डब्याचा प्रश्न

एवढं नुकसान झाल्यावरही आत्यांनी लक्ष का घातलं नाही, हे सगळ्यांत उशिरा कळलं. आईला त्रास नको म्हणून मुलाने विक्री आपल्या हाती घेतली होती. गिऱ्हाईक फोनवर पैसे पाठवायचं, ते मुलाच्या खात्यात जायचे, त्यातून कोंबड्यांचं खाद्य यायचं आणि पेट्रोलही. हिशेब लपवलेला नव्हता, पण डब्यात काही पडत नव्हतं. आत्या सुनेला म्हणाल्या, "आता कोंबड्या त्याच्या हायत. त्यानं बघावं." सुनेने उलट विचारलं, "आत्या, मग पहाटे उठायचं कुणी? मी तर सहाला फाट्यावर असते."

आमच्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. अंड्याचा पैसा जिच्या हातात, तिची नजर कोंबडीवर. पैसा हलला की नजर हलते, आणि नजर हलली की मुंगूस, ओलं तूस, वाकडी मान सगळं उशिरा दिसतं.

काय बदललं

पहिलं काम खुराड्याचं. 6 बाय 4 फूट, म्हणजे 24 चौरस फूट, जास्तीत जास्त वीस पक्ष्यांसाठी. लांब बाजू पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून अडीच फूट उंच, आणि ही उंची कोंबड्यांपेक्षा आत्यांच्या गुडघ्यांसाठी ठरवली. तळाला पाऊण इंच फटींवर लाकडी पट्ट्या, शीट खाली तुसावर पडते आणि पंधरा दिवसांनी उकिरड्यावर जाते. ताजी शीट भाजीच्या बुंध्याला घालायची नाही, मुळं जळतात. पश्चिमेची बाजू पत्र्याने पूर्ण बंद, कारण पाऊस तिकडून मारतो. बाकी तीन बाजूंना अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडलेली चौकोनी भोकांची जाळी. षटकोनी भोकांची स्वस्त कोंबडीजाळी मुंगूस फाकवतो. छपराची वळचण दोन फूट पुढे. बसायला दोन इंच रुंद, कडा गोल केलेले दांडे, पक्ष्यामागे आठ इंच जागा. अंडी घालायला एक फुटाचे चार खोके, त्यांना बाहेरून उघडणारी फळी. आत्या खुर्चीवर बसून फळी उघडतात आणि हात घालतात.

खुराडं पोर्चपासून वीस फुटांवर, पण आत्यांच्या खिडकीसमोर आहे. रात्री कोंबड्या कलकलल्या तर ऐकू येतं.

चाचपणं बंद झालं त्याला पर्याय म्हणजे उशिरा सोडणं. कोंबड्या आता दहा वाजता सुटतात. तोवर बहुतेकींची अंडी खोक्यात पडलेली असतात. जूनमध्ये शेजारच्या भाताच्या रोपवाटिकेवरून दरवर्षी भांडण व्हायचं, पेरलेलं बी कोंबड्या उकरायच्या. रोपं चार बोटं वर येईपर्यंत, साधारण तीन आठवडे, त्या दिवसभर बंद राहतात. तेवढे दिवस खाद्य दुप्पट द्यावं लागतं आणि हिरवा पाला टांगावा लागतो, नाहीतर एकमेकींची पिसं उपटतात.

खाद्य सून रविवारी कालवते. दहा किलोला मक्याचा भरडा 5 किलो, कणी आणि भाताचा बारीक कोंडा मिळून पावणेतीन किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 30 ते 40 ग्रॅम. मीठ मोजूनच. खडे मीठ अंदाजाने टाकल्याने पिल्लं मरतात. चरणाऱ्या कोंबडीला दिवसाला 50 ग्रॅम पुरतं, निम्मं सोडताना आणि निम्मं संध्याकाळी, म्हणजे खुराड्याकडे परतायची ओढ राहते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. अंड्यावर आलेली कोंबडी हवा तेवढा खाते. पिल्लांना आणि कोंबड्याला तो नको. पावसाळ्यात मक्याला बुरशी लागली, कुबट वास आला तर तो मका फेकायचा. धुऊन वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही.

जात पुन्हा गावरान, पण पूर्ण नाही. वाचलेल्या बारा गिरिराजांतले सातही कोंबडे पाच महिन्यांचे होताच विकले. हा निर्णय महत्त्वाचा होता. ते कळपात राहिले असते तर पुढच्या पिढीतल्या कोंबड्या खुडूक बसेनाशा झाल्या असत्या, आणि मग दर वेळी पिल्लं विकत आणायची. पाच गिरिराज कोंबड्या अंड्यांसाठी ठेवल्या. सुनेच्या माहेराहून बावीस गावरान अंडी आणली, सात दिवसांच्या आतली. दोन खुडूक कोंबड्यांखाली अकरा-अकरा, संध्याकाळच्या वेळी. टोपलीत खाली राख, मग कोरडी माती, वर पेंढा. आत्यांनी त्यात खिळा आणि कोळशाचा तुकडाही ठेवला, आभाळातल्या विजेने अंडी बाद होऊ नयेत म्हणून. खिळ्याने काही बिघडत नाही, ठेवू द्यावा. आठव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली: लालसर शिरांचं जाळं दिसलं ती जिवंत, नितळ दिसली ती दोन काढून टाकली. एकविसाव्या दिवशी सतरा पिल्लं निघाली. पाचव्या महिन्यात त्यातली अकरा उरली, सात तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या, आणि चार कोंबडे. तीन पहिल्या दहा दिवसांत गेली, दोन घारीने नेली, एक मांजराने.

बाहेरून येणारा कोणताही पक्षी, देवीचा असला तरी, आता चुलत्यांच्या गोठ्यात बांधला जातो. पाळायला आणलेला असेल तर पंधरा दिवस तिथेच. मामांच्या माळेचा मान राखून पोर्चच्या पलीकडे वेगळी चूल मांडली, वेगळी कढई ठेवली. नातवाचं आणि सुनेचं अंडं आठवड्यातून चार दिवस तिथे उकडतं. मामा ते बघत नाहीत आणि त्यावर बोलतही नाहीत. उलट संध्याकाळी पाण्याची भांडी तेच घासून ठेवतात.

पैशांचं असं ठरलं: अंड्यांचे पैसे आत्यांचे. फोनवर आले तरी मुलाने त्याच संध्याकाळी तेवढी रोकड डब्यात टाकायची. कोंबडे विकून येतील ते खाद्य, लस, जाळीच्या डागडुजीला. पंधरा कोंबड्यांची आठवड्याला वीस-बावीस अंडी येतात, घरची आठ आणि बसवायची वगळून उरतील ती बारा रुपयांप्रमाणे जातात. रक्कम मोठी नाही. पण आत्या पुन्हा साडेपाचला उठून खिडकीतून खुराड्याकडे बघतात, आणि गेल्या पावसात एक तलंग कण्हत बसलेली त्यांनीच पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळचं मोजणं आणि दार लावणं नातवाकडे आहे. दारावर खडूने सोळा (पंधरा कोंबड्या आणि एक कोंबडा) लिहिलेलं असतं, कमी-जास्त झाले की तो आकडा बदलतो. येत्या जूनमध्ये तो पाचवीला भोरला जाणार आणि परतीची एसटी दिवेलागणीनंतरची आहे. म्हणून दार वरून खाली सरकणारं करायचं ठरलंय: दोन कप्प्या, पंचवीस फूट नायलॉनची दोरी, खिडकीच्या गजाला एक कडी. आत्यांनी कडी सोडली की फळी आपल्या वजनाने खाली येईल. मोजण्यासाठी खुराड्यात एक छोटा दिवा लागेल, आणि इथे मात्र एलईडीच हवा.